मुकादमाचं पाणी

मिरवणुकीत डीजे लावणाऱ्यांबद्दल माझं मत मी आमच्या गल्लीत अनेकदा जाहीर केलेलं आहे, त्यामुळे इथे पुन्हा सांगत बसत नाही. त्या दिवशी पिंपळीत आमच्या शेजारच्या आबाजीकाकांच्या पुतण्याचं लग्न होतं. भरदुपारी नवरदेव मारुतीच्या पाया पडायला निघाला, ट्रॉलीवर रचलेले कपाटाएवढे बॉक्स नेमके आमच्या घरासमोर येऊन थांबले, आणि पहिल्याच दणक्याला आमच्या खिडक्यांच्या काचा थरथरल्या. काचेचं काय, ती थरथरते आणि गप्प बसते. पण बाहेरच्या खोलीतल्या टाकीत मुकादम होता.

मुकादम म्हणजे आमचा ऑक्टोपस. नाव माझ्या बाबांनी ठेवलं. बाबांना सगळे ज्ञानूराव म्हणतात. ते भवानीनगरच्या साखर कारखान्यात उसाचा रस उकळायच्या पॅनवर काम करून निवृत्त झाले. ऊसतोडीच्या मुकादमाचे हात एकाच वेळी किती ठिकाणी असतात हे त्यांनी जन्मभर पाहिलेलं. जनावर पहिल्यांदा टाकीत सोडलं तेव्हा ते म्हणाले, "आठ हात, आन् एकबी हात मोकळा न्हाय. ह्यो मुकादमच हाय." झालं बारसं.

मी बारामतीच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. बरणीतला पांढराफटक मेलेला ऑक्टोपस पोरांना दाखवून दाखवून माझं डोकं उठलं होतं. एकदा तरी जिवंत दाखवायचा असा हट्टच धरला. आता समुद्र कुठे आणि आम्ही कुठे! आमच्याकडे पाणी येतं ते कालव्याचं, नाहीतर बोअरचं. म्हणजे समुद्रच घरात करणं आलं. जाड काचेची टाकी, फिल्टर, पाणी थंड ठेवणारं मशीन, प्रवाळाचे दगड, आणि पिशवीतून मिळणारं समुद्राचं मीठ. ते शुद्ध केलेल्या पाण्यात कालवायचं आणि मग कित्येक महिने नुसतं थांबायचं, कारण दगडांवर चांगले जिवाणू रुजल्याशिवाय त्या पाण्यात काही जगत नाही. शेजारपाजारचे लोक यायचे, रिकामी टाकी बघायचे, माझ्याकडे बघायचे. ज्ञानूरावांची प्रियदर्शनी कामातून गेली, ही बातमी इंदापूरपर्यंत पोचली होती.

बाबा सुरुवातीला माझ्याशी धड बोलत नव्हते. मग एकदा मी मीठ मोजायची छोटी दुर्बीण काढली. काचेवर पाण्याचा थेंब टाकायचा आणि उजेडाकडे धरून आकडा वाचायचा. बाबांनी ती हातातून ओढूनच घेतली. "आगं, हिनं तर आमी रसातली साखर मोजायचो!" त्या दिवसापासून मीठ मोजायचं खातं त्यांच्याकडे गेलं ते कायमचं.

हर्णैकडच्या एका माजी विद्यार्थ्याच्या मामाच्या जाळ्यात हा लहानसा ऑक्टोपस आला, आणि तेव्हापासून आमचं घर त्याचं झालं. उजनीचे खेकडे इंदापूरच्या बाजारातून त्याच्यासाठी यायचे. टाकीच्या झाकणावर आम्ही पाटा ठेवला होता, कारण हा गडी बोटभर फटीतून बाहेर येतो. दुपारी जेवण झालं की बाबा टाकीसमोर खुर्ची टाकत. मुकादम दगडामागून यायचा, काचेला चिकटायचा, आणि बाबा त्याला गावातल्या बातम्या सांगायचे. आई गेल्यापासून बाबांना दुपार खायला उठायची. मुकादम आल्यावर ती दुपार भरली. मला जे जिवंत ठेवायचं होतं ते नुसतं जनावर नव्हतं, हे मी स्पष्टच सांगते.

आणि रोज तिथे दुसऱ्या खुर्चीवर आबाजीकाका असायचे. त्यांची डाळिंबाची बाग आमच्या घरामागेच आहे. माणूस मोठ्याने हसणारा, दुसऱ्याच्या कामात न विचारता हात घालणारा. बाबांचं वरकुटे गावातलं लहानपण मी आत्याकडून ऐकलेलं होतं. शाळेत तहान लागली की ओंजळ धरून उभं राहायचं, आणि कुणाला दया आली तर तो वरून पाणी ओतायचा. बाबा याबद्दल कधीच बोलले नाहीत. त्यांनी फक्त घराला एक नियम घातला, की या घरातून कुणी पाणी न पिता जायचं नाही आणि कुणी पाणी दिलं तर ते मागे फिरवायचं नाही. पिंपळीत घर बांधलं तेव्हा गल्लीतले लोक नमस्कार करायचे, बरं चाललंय ना विचारायचे, पण उंबऱ्याच्या आत कुणी येत नव्हतं. आबाजीकाका एक दिवस शेतातून चिखलाच्या पायांनी थेट आत आले आणि म्हणाले, "ज्ञानूराव, पानी पाजा, घसा वाळलाय." त्या एका वाक्यावर बाबांनी त्यांना जन्माचं आपलं मानलं.

तर त्या दुपारी मी कॉलेजात प्रॅक्टिकल घेत होते आणि बाबांचा फोन आला. मागे डीजेचा दणदणाट. बाबा ओरडत होते, "मुकादमानं शाई सोडली! टाकी काळीठिक्कर झालीया! आन् लाइटबी गेलीया!"

ऑक्टोपस घाबरला की शाई सोडतो आणि पळतो. समुद्रात ते ठीक आहे, तिथे पळायला जागा असते. टाकीत ती शाई त्याच्याच कल्ल्यांवर बसते आणि तो स्वतःच्याच शाईत गुदमरतो. वीज असती तर फिल्टरने ती ओढून घेतली असती. इन्व्हर्टरवर फक्त हवेचा लहान पंप चालू होता. एकच उपाय होता, काळं पाणी काढायचं आणि नवं भरायचं.

"बाबा, नळी लावून निम्मं पाणी काढा. राखीव कॅन आहे तो ओता. आणि नवीन पाणी कालवायला घ्या. जारचं पाणी, पिशवीतलं मीठ. मी निघाले."

"कालवतो, कालवतो. तू नीट ये," म्हणाले आणि फोन ठेवला.

मी नीट आले नाही. इंदापूर रोडला स्कूटी अशी हाणली, की एका ट्रॅक्टरवाल्याने माझ्या सात पिढ्यांची विचारपूस केली. गल्लीच्या तोंडाशी मिरवणूक अडकलेली. फेटेवाल्यांच्या गर्दीतून कोपरं मारत मी घर गाठलं.

टाकीतलं पाणी काळ्या चहासारखं दिसत होतं. निम्मं काढलेलं, राखीव ओतलेलं, तरी तसंच. मुकादम हवेच्या बुडबुड्यांजवळ काचेला चिकटून वर लटकला होता. रंग गेलेला. अंग भराभर फुगत होतं, मिटत होतं. एक हात काचेवरून सुटून नुसताच हलत होता. असा तो मी कधी पाहिला नव्हता.

टाकीशेजारी टेबलावर एक मोठा पांढरा ड्रम चढवलेला, जवळजवळ भरलेला. ड्रमच्या तोटीला नळी लावून तिचं दुसरं टोक टाकीत सोडलेलं होतं. तोटीवर आबाजीकाकांचा हात होता. डोक्याला लग्नाचा गुलाबी फेटा तसाच, सदरा छातीपर्यंत भिजलेला. पुतण्याची मिरवणूक सोडून ते आमच्या घरात पाणी ढवळत बसले होते. मला बघून हसले. "आली बग डाक्टरीन! आता सोडतो पानी, हुतंय तुजं जनावर बरं."

माझी नजर तोटीवर गेली. तोटीच्या आट्यांत निळसर पांढरी पुटं होती. ड्रमच्या आत, पाण्याच्या रेघेच्या वर, तशीच निळी कड. हा ड्रम मी त्यांच्या बागेत हजारदा पाहिला होता. डाळिंबावर तेल्या रोग पडू नये म्हणून याच ड्रमात चुना आणि मोरचूद कालवून ते बोर्डोची फवारणी करायचे. मोरचूद म्हणजे तांबं. माणसाला एवढ्याशा तांब्याने काही होत नाही, पण ऑक्टोपसच्या पाण्यात ते चिमूटभर उतरलं तरी खेळ खलास. महिनोन्महिने मी फिल्टरपासून तारांपर्यंत प्रत्येक वस्तू तांबं नाही ना, हे बघून आणली होती.

"थांबा!" मी किंचाळले. डीजेवर आवाज काढायचा म्हणजे किंचाळावंच लागत होतं. "हात काढा! हे पाणी चालणार नाही!"

"का गं? जारचंच हाय. ज्ञानूरावांनी मीठ मोजलं. बराबर हाय."

"पाणी बरोबर आहे हो, पण ड्रम तुमचा आहे ना? मग नाही चालणार!"

बोलले आणि माझं मलाच ऐकू आलं. आबाजीकाकांचा हात तोटीवरून खाली आला. चेहऱ्यावरचं हसू तिथेच राहिलं होतं, पण त्यात आता काही नव्हतं. बाबा दारात मिठाची पिशवी घेऊन उभे होते. त्यांनी ती हळूच खाली ठेवली.

"प्रिया," बाबा म्हणाले, "काय बोल्लीस?"

मी घाईघाईने सांगायला लागले. बोर्डो, मोरचूद, तोटीतली पुटं, तांबं. आबाजीकाकांनी मला मधेच तोडलं. "आगं, तीनदा धुतला. निरमा लावून घासला. हितं वाकून वाकून माजी पाठ गेली. मी काय इख घालीन व्हय त्याला?"

"तुम्ही घालणार नाही, काका. पण प्लास्टिकला बसलेलं ते धुतलं तरी जात नाही."

"तांबं! तांब्यातलं पानी आमी सकाळी उठून पितो. देवाला चालतं. आन् तुज्या जनावराला चालंना? सांग की सरळ, ड्रम माजा म्हून चालंना."

"तसं नाही!"

"तसंच म्हनलीस तू. आत्ता म्हनलीस."

म्हणाले होते. बाहेर त्यांचे भाऊबंद नाचत होते, त्यांना सोडून हा माणूस आमच्याकडे आला होता, आणि मी त्याला हाड केल्यासारखं बोलले होते. टाकीत मुकादमाचा आणखी एक हात काचेवरून सुटला.

बाबा पुढे आले. त्यांचा आवाज चढला नव्हता, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. "आबाजी, सोडा पानी."

"बाबा, नको."

"ह्या घरात कुनाचं पानी मागं जात न्हाय. सर बाजूला."

"बाबा, तो मरेल!"

"मरूंदे," बाबा म्हणाले. हे म्हणताना ते माझ्याकडे बघत नव्हते. टाकीकडे बघत होते. रोज दुपारी ज्याच्याशी बोलत बसायचे त्याला ते स्वतःच्या तोंडाने मरू दे म्हणत होते, आणि ते खरंच तसं करतील हे मला कळत होतं. त्यांच्या जागी त्यांचं बरोबरच होतं. पण मला त्यांचा असा संताप आला की टाकी आणि ड्रम दोन्ही फोडावेसे वाटले.

आबाजीकाका मात्र तोटीला हात लावेनात. मान खाली घालून उभे होते. मग बाबांनीच तोटीकडे हात नेला.

मी मधे शिरले. नळी टाकीतून उपसून फेकली, तोटीखाली ओंजळ धरली आणि तोटी सोडली. ओंजळ भरली. ते पाणी मी प्याले. सगळं प्याले. समुद्राइतकं खारट, वर जिभेला गंजासारखी कडवट चव. घशातून उतरेना, तरी उतरवलं. दुसरी ओंजळ धरली, तीही तोंडाला लावली.

"तुमचं पाणी मला चालतं, काका," मी म्हणाले. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, मिठाने म्हणा किंवा कशाने. "रोज पाजा, मी रोज पिईन. पण त्याला नका पाजू. तो खरंच मरेल हो."

एवढं बोलून मी मोरीकडे पळाले आणि सकाळचं जेवणसुद्धा बाहेर काढलं.

मोरीतून वर बघते तो आबाजीकाका ड्रमला भिडले होते. एवढा भरलेला ड्रम त्यांनी एकट्याने कवेत धरून टेबलावरून खाली ओढला, अंगणात नेला आणि आडवा केला. मीठ घातलेलं सगळं पाणी गटारात गेलं. "ज्ञानूराव, मीठ किती राहिलं?" त्यांनी विचारलं. पिशवीत निम्मं होतं. "मी जार आनतो. कालवायचं कशात?"

"जारमध्येच," मी म्हणाले. "दुसऱ्या कशाला हात लावू नका."

पिकअप घेऊन ते गेले. जाता जाता त्यांनी ट्रॉलीवर चढून डीजेची वायर उपटली. त्यावरून भावकीत पुढे किती रामायण झालं ते सांगत नाही. गल्ली एकदम गप्प झाली, आणि मला पंपाचे बुडबुडे ऐकू यायला लागले. बाबा आणि मी टाकीतलं काळं पाणी नळीने काढत राहिलो, मुकादम जेमतेम बुडेल इतकंच ठेवून. बाबा मधूनच काचेला बोट लावत होते. काचेच्या आतून काही उत्तर येत नव्हतं.

जार आले. प्रत्येकात मीठ घालून बूच लावलं, आणि ढवळायला वेळ नव्हता म्हणून ते अंगणात आडवे टाकून गडगडवले. दोन म्हातारे, एक फेटा बांधलेला आणि एक उघड्या डोक्याचा, पायाने जार ढकलत अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जात होते. बाबा दुर्बीण उजेडाकडे धरायचे, "आजून थोडं," म्हणायचे, पुन्हा गडगडाट. आकडा बसला की जार आत. मी बारीक धारेने ओतत होते. एक, मग दुसरा, मग तिसरा. पाणी चहावरून सरबतावर आलं, मग तळाची वाळू दिसायला लागली.

मुकादम तळाला पडला होता. पांढरा. श्वास चालू होता, पण बारीक. तेवढ्यात लाइट आली आणि फिल्टर धडधडून सुरू झाला. आम्ही तिघं टाकीसमोर उभे. मी मनातल्या मनात त्याच्या मागे लागले होते, ऊठ रे, एवढं सगळं करून आता मरू नकोस.

आधी एका हाताचं टोक वळलं. मग डोळ्याभोवती तपकिरी ठिपके आले आणि दूध उतू जावं तसा रंग अंगभर पसरत गेला. तो सरकला. दगडाला एक हात लावला, दुसरा लावला, आणि स्वतःला फटीत ओढून घेतलं. तिथून एक डोळा आमच्याकडे रोखला, भलताच रागीट.

"तापला हाय मुकादम," बाबा म्हणाले आणि मटकन खुर्चीवर बसले.

आबाजीकाका मात्र बसले नाहीत. बाहेर जाऊन पायरीवर टेकले. मी त्यांच्यासाठी चहा घेऊन गेले, बाबाही मागून आले. काकांनी कप घेतला पण तोंडाला लावला नाही.

"पोरी, एक इचारू?" ते म्हणाले. "ड्रम चालंना म्हनलीस, तवा मला राग आला. माज्या कष्टाचा आला. येवढा घासला आन् ही नको म्हनती, म्हून. बाकी काय न्हवतं माज्या मनात. पर तू ते पानी पिलीस. तवा मला कळलं, तुमच्या मनात काय हाय ते. मी तसला हाय असं वाटलं तुमाला? येवढी वर्सं जातोय येतोय, आन् आजून तेच?"

पाणी पिताना मला वाटलं होतं की मी त्यांचं मन राखतेय. खरं तर मी त्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं होतं.

बाबा पायरीवर त्यांच्याशेजारी बसले. स्वतःच्या तळहातांकडे बघत होते.

"हाय आबाजी," ते म्हणाले. "आमच्या मनात हाय. तुमच्या न्हाय, म्हाईत हाय मला. तुमी येता, पानी पिता, गप्पा मारता, जाता. तुमच्या ध्यानातबी ऱ्हात न्हाय. मी मातुर दरवेळी बगतो. तुमी तांब्या उचलला की बगतो, तोंडाला लावला की बगतो. आन् तुमी पिऊन खाली ठेवला, की मग मला बरं वाटतं."

"दरवेळी?" आबाजीकाकांनी विचारलं.

"दरवेळी."

आबाजीकाकांनी कप खाली ठेवला. मग त्यांनी आपला हात बाबांच्या हातावर ठेवला आणि तिथेच राहू दिला.

मी दाराला टेकून उभी होते. या माणसाची मी एकुलती एक मुलगी, त्यांच्या ताटात जेवून मोठी झालेली. ही गोष्ट त्यांनी मला कधी सांगितली नव्हती. आबाजीकाकांना सांगितली.